कागद कुणाच्या नावावर?

१९८५च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

"तू नक्की करतोस काय रे?" हा प्रश्न काल संध्याकाळपासून मला सात-आठ जणांनी विचारला. एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. मी जुन्या, लहान इंजिनाच्या मोटारसायकली घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. लुना, राजदूत, जावा, पण पोट भरतं ते यामाहा आरएक्स १००वर.

आपली दहावी झाली त्याच वर्षी ती बाजारात आली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ११ बीएचपी. १९९६ला तिचं उत्पादन थांबलं आणि आता मागणी एवढी, की सोंगंही पुष्कळ. टाकी आणि साइड पॅनल आरएक्स १००चे, पोटात आरएक्स १३५चं इंजिन! गिऱ्हाईक रंगाला भुलतं. मी आधी चासी नंबर बघतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, आपण वर्गात नाण्यांचे छाप काढायचो तशी (तास कुठला ते सांगत नाही, सर समोर बसलेत). आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे उमटले पाहिजेत. ग्राइंडर फिरलेला दिसला, तर चहा घेऊन निघायचं. मग किक, तीही गार इंजिनावर. मालकानं आधीच गाडी तापवून ठेवली असेल, तर ती निवेपर्यंत मी पीकपाण्याच्या गप्पा मारतो.

मागच्या वर्षी एका खेड्यात गोठ्यात अशी गाडी सापडली. पहिला मालक, मूळ रंग, आरसी पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. मालक वारलेले. मावशी म्हणाल्या, "भंगारवाला तीन हजार देतोय. तुम्ही पाच द्या नि घेऊन जा, म्हशीला जागा होईल." माझा भागीदार खिशात हात घालून तयारच होता. तशीच उचलून विकली असती तरी चाळीस हजार कुठं जात नव्हते.

आमच्या धंद्यात विकणाऱ्याला भाव सांगायचा नसतो. पण पिशवीतलं पुस्तक बघितल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी चाळीसचा आकडा सांगितला. गाडी अजून यजमानांच्या नावावर आहे, आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या, तेही सांगितलं. मावशींनी मुलाला फोन लावला. मुलानं गाडी विकलीच नाही. येऊन पुण्याला घेऊन गेला. परतीच्या वाटेवर भागीदार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. टेम्पोचं भाडं मात्र त्यानं अजून माझ्या खात्यावर मांडून ठेवलंय.

तो मुलगा मला अधूनमधून फोन करतो. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळू, असं परवा विचारत होता. राजदूतला, लुनाला मिसळावं लागतं. आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी, पंप आपोआप देतो. पुण्यात जुन्या बाजारात पार्ट मिळाले तर आधी फोटो पाठव म्हटलंय.

तुमच्यापैकी कुणाच्या परसात अशी एखादी गाडी पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी कागद शोधा. पंधरा वर्षं कधीच उलटून गेलीत, नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, त्याला मी मदत करीन. फुकट, वर्गमित्र म्हणून. बाहेर माझी लुना उभी आहे. जेवणाआधी कुणाला चक्कर मारायची असेल तर मारा, पण पॅडल मारूनच चालू करायची. ढकलून नाही.