आपलाच मुलूख आपण कधी पाहणार?



आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलायचं नाही. आज बोलू या फिरण्याविषयी.

आमच्या गटांच्या मासिक बैठकीत आम्ही एकदा एक प्रश्न विचारला. गेल्या वर्षभरात आपण गावाबाहेर कुठं कुठं गेलो आणि कशासाठी गेलो? एकेक करून कारणं फळ्यावर लिहिली. लग्न, मयत, लेकीचं बाळंतपण, दवाखाना, बँक, आठवडी बाजार, शेगावची वारी. फळा भरला, पण नुसतं पाहायला म्हणून गेलेली एकही बाई निघाली नाही. लोणारपासून तासाभराच्या अंतरावर नांदणाऱ्या, नातवंडं झालेल्या बायकांनीसुद्धा लोणारचं तळं पाहिलेलं नव्हतं. ज्या तळ्यासाठी परदेशातून माणसं येतात, ते आपल्या उशाशी आहे आणि आपण त्याची फक्त बसवरची पाटी वाचलेली.

देवाचं नाव घेतलं की घरातून परवानगी मिळते. पाहायला जायचं म्हटलं की लगेच विचारतात, तिकडं काय काम आहे?

मेहकरात कंचनीचा महाल आहे. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचेच. त्यांच्या एका कवितासंग्रहाला या महालाचं नाव आहे. कंचनीची गोष्ट लोक वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात. एक गोष्ट अशी की, तिला आपल्या महालाच्या माथ्यावरून लोणारचा दिवा पाहायचा होता, म्हणून तिनं महाल उंच उंच बांधत नेला. खरंखोटं देव जाणे. पण दूरचं काही पाहावं असं एका बाईला वाटलं, ही गोष्ट आपल्या भागात इतकी वर्षं टिकून राहिली आहे. तिला महाल बांधावा लागला. आपल्याला एसटी आहे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना तर तिकीटच नाही. म्हणून आम्ही ठरवलं की खासगी गाडी करायची नाही, लाल परीनंच जायचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. दर बैठकीला वीस-वीस रुपये वेगळे जमा करायचे. दिवस निवडला पोळ्यानंतरचा, निंदण आटोपलेलं आणि सोयाबीनच्या सोंगणीला अजून अवकाश असलेला. एका दिवसात एकच ठिकाण पाहायचं. धावतपळत चार ठिकाणं केली की पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही.

पहिल्यांदा गेलो सिंदखेडराजाला. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला तिथं लाखो लोक येतात. आम्ही मुद्दाम साध्या दिवशी गेलो. गर्दी नसली की दगड नीट पाहता येतो. लखुजीराजे जाधवांच्या वाड्याच्या दरवाजातून आत गेलो. जिजाऊंचा जन्म इथला, साल १५९८. त्यांचं नाव आपण रोज घेतो, पण हे त्यांचं माहेर आहे हे त्या अंगणात उभं राहिल्यावर कळतं.

तिथून लखुजीराजांच्या समाधीवर गेलो. १६२९ साली दौलताबादला, निजामशाहीच्या दरबारात, लखुजीराजांना मुलं आणि नातवासह दग्यानं मारलं. जिजाऊ तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांच्या. फेब्रुवारी १६३० मध्ये शिवबांचा जन्म झाला, म्हणजे ही बातमी कळली तेव्हा त्या गर्भार होत्या. हा हिशोब आमच्यातल्या एका ताईनं तिथंच पायरीवर बसून बोटांवर केला आणि मोठ्यानं सांगितला. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. माहेर तुटणं काय असतं हे बाईला समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकात हे दोन वेगळ्या धड्यांत येतं, इथं ते एकत्र जुळलं.

याच समाधीच्या परिसरात जून २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचं डागडुजीचं काम चालू असताना जमिनीत दगड लागले. खणत गेले तर जुन्या मंदिराचे अवशेष निघाले आणि त्यात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती. लक्ष्मी पाय चेपते आहे, शेषनाग फणा धरून आहे. इतकी वर्षं लोक वरून चालत होते. आपल्या पायाखाली काय आहे, ते आपल्याला ठाऊक असतंच असं नाही.

पण बायका सगळ्यात जास्त वेळ रमल्या त्या पाण्याजवळ. मोती तलावाची दगडी भिंत, चांदणी तलावाच्या मधोमध बांधलेली वास्तू, आणि पुतळा बारव. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. पुतळा बारवेत दगडात मूर्ती कोरलेल्या आहेत, त्यावरून तिचं नाव पडलं. पुरुषांचं लक्ष तटबंदीकडं जातं. बायका पायऱ्या पाहतात. भरलेली घागर घेऊन वर येताना पाय कुठं टेकत असेल, टेकायला कोनाडा कुठं आहे, यावर अर्धा तास चर्चा चालली. ज्यांनी आयुष्यभर पाणी वाहिलं, त्यांना ही वास्तू बरोबर वाचता येते.

दुसऱ्या खेपेला लोणार. तळ्याच्या काठावर उभं राहिलं की आधी शब्दच फुटत नाही. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, कडेनं झाडी आणि तळाशी पाणी. आकाशातून पडलेल्या उल्केच्या धडकेनं तो झाला. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या भूमीत असा खड्डा जगात फार दुर्मिळ. म्हणून शास्त्रज्ञ येतात. त्याचं पाणी खारं आणि क्षाराचं, तोंडात घालण्यासारखं नाही. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं. ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळं, असं तपासणीत निघालं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे.

आपले लोक सांगतात की इथं लवणासुर राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याचंच. त्याच्या भिंती बाहेरून पाहताना घाई करू नका. प्रत्येक कोनाड्यात काही ना काही आहे. आणि खारं तळं इतकं जवळ असताना काठावरच्या गोमुखातून मात्र गोड्या पाण्याची धार पडते. खाली कमळजा देवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिचं एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं म्हणतात. तळ्याचं पाणी चढलं की ती दिसत नाही. कुठली बाजू सासूची आणि कुठली सुनेची, यावरून आमच्यात जी हसाहस झाली ती इथं सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की पहिल्या सहलीला ज्यांनी सुनांना नको म्हटलं होतं, अशा तीन सासवा या खेपेला स्वतः आल्या होत्या.

मैत्रिणींनो, इंग्लंडातल्या खेड्यांत शेतांमधून जाणाऱ्या जुन्या पायवाटा कायद्यानं सगळ्यांना खुल्या असतात. सुटीच्या दिवशी लोक शिदोरी बांधून निघतात आणि जवळच्या गावचं जुनं देऊळ, जुना पूल पाहून येतात. त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. आपल्याकडं शिवार आहे, टेकड्या आहेत, पैनगंगा इथंच उगम पावते. फक्त पाहायला जाण्याची सवय नाही.

आणि पाहिल्यानं फरक पडतो. आमच्या एका गटाच्या गावात जुनी बारव आहे. नळ आले तसा तिच्यात कचरा पडू लागला. पुतळा बारव पाहून आल्यावर त्या बायकांनी आपल्या बारवेच्या पायऱ्या मोजल्या, मोबाईलवर फोटो काढले आणि महिला सभेत विषय मांडला. ग्रामसभेत कचरा बंद करण्याचा आणि गाळ काढण्याचा ठराव झाला. गाळ अजून निघालेला नाही. पण दर बैठकीला आम्ही त्याची विचारणा करतो, आणि कचरा टाकायला येणाऱ्याला आता बायका हटकतात.

जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आगारात आधीच विचारून घ्या. स्वच्छतागृह कुठं आहे ते उतरल्या उतरल्या पाहून ठेवा, नाहीतर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी येऊन आजारी पडतात. भाकरी-ठेचा फडक्यात बांधा, प्लास्टिक नेऊ नका. लोणारला खाली उतरायचं असेल तर वाट खुली आहे का ते वनखात्याच्या माणसाला विचारा, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरूनच पाहावं. मूर्तीला शेंदूर, तेल लावू नका आणि दगडावर नाव कोरू नका. एक शिकलेली मुलगी सोबत घ्या. पाट्या तिनं वाचायच्या आणि सगळ्यांनी ऐकायच्या.

या महिन्याच्या बैठकीत हप्त्याचं काम झालं की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपण न पाहिलेल्या जवळच्या एका जागेचं नाव सांगावं. गढी असो, बारव असो, ओढ्याकाठचं पडकं देऊळ असो. सगळी नावं रजिस्टरमध्ये लिहा आणि एकीसमोर तारीख टाका. घरी कुणी विचारलं, तिकडं काय काम आहे, तर सांगा, पाहायचं आहे.

जय जिजाऊ.