मोठ्या वाकळेचा संकल्प

(महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी धर्मग्रामातील घरोघरची जुनी वस्त्रे गोळा करून त्यांची एकच थोरली वाकळ शिवावी, आणि समारंभाच्या दिवशी ती ख्रिस्तमंदिरापुढील पटांगणात पसरावी, असा विचार आमच्या महिला मंडळाने पुढे मांडला आहे. वाकळेचे माप ३० फूट रुंद व ४२ फूट लांब असे सुचविण्यात आले आहे. कित्येकांस ही कल्पना फार आवडली. कित्येकांनी ती ऐकून नकारार्थी मान हलविली. उभय पक्षांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे, व त्यावर आम्हांस जे सुचते ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहो.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती आमच्या वऱ्हाडात वाकळ, आणि खेड्यांतल्या बोलीत 'वाकय'. ती कशी होते हे येथे बसलेल्या वृद्ध मातांस आम्ही सांगावे असे नाही. पण मुलींपैकी पुष्कळांनी ती होताना पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. खाली एक धडके लुगडे अंथरावे, त्यावर जीर्ण झालेल्या धोतरांचे, लुगड्यांचे, सदऱ्यांचे थर बसवावे, वर पुन्हा एक बऱ्यापैकी लुगडे घालावे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ताण द्यावा, कच्च्या दोऱ्याने सर्व टाचून घ्यावे, आणि मग काठापासून आत धावदोरा घालीत जावे. यास यंत्र लागत नाही. सुई, दोरा, अंगण आणि धीर एवढे भांडवल पुरते.

आपला प्रांत कापसाचा. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तिकडचा कापूस विलायतेस पोहोचेनासा झाला, व वऱ्हाडच्या कापसास मोठे मोल आले. १८६७ साली अकोला व बडनेरा यांवरून लोहमार्ग नागपुरास गेला, आणि पऱ्हाटीचा वेचा गाड्या भरभरून मुंबईकडे निघाला. पिकविणाऱ्याने नगदी पीक म्हणून कापूस विकला. त्याच कापसाचे कापड होऊन परत आले ते त्याने विकत घेतले, ते झिजेपर्यंत नेसले, आणि झिजल्यावर वाकळेत घातले. वाकळ हा वऱ्हाडी कापसाचा शेवटचा मुक्काम होय. म्हणून तिला कोणी दरिद्र्याचे पांघरूण म्हणून हसू नये.

याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचे वस्त्र वागवीत, म्हणून लोक त्यांस गोधडे महाराज म्हणत. १९५६ साली अमरावतीजवळच त्यांचा अंत झाला. अंगावर चिंध्या असलेल्या या पुरुषाने पंढरपूर व इतर ठिकाणी केवढाल्या धर्मशाळा उभारल्या! मोठे काम करण्यास मोठे साहित्य लागते, हा समज त्यांच्या चरित्राने खोटा ठरविला. तेव्हा जुन्या लुगड्यांतून थोर काही करावे ही आमच्या भगिनींची इच्छा या भूमीला परकी नाही.

आता पहिला प्रश्न: इतकी मोठी वाकळ होईल काय? येथे लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधू निघालेल्या मनुष्याची आठवण करणे अगत्याचे आहे. तद्वत आपणही आधी बसून हिशेब करू.

एका माणसाची वाकळ ५ फूट रुंद व ७ फूट लांब धरा. नऊवारी लुगड्याची लांबी २७ फूट आणि पन्हा पावणेचार फुटांचा. अशा दोन लुगड्यांत थोड्या चिंध्यांची भर घातली म्हणजे सहा थर होतात. धावदोऱ्याच्या दोन रांगांत बोटभर, म्हणजे पाऊण इंच, अंतर ठेवले तर ८० रांगा पडतात. इंचास तीन टाके या मानाने एका वाकळेत सुमारे २०,००० टाके झाले. सराईत हात मिनिटास वीस टाके घालतो असे मानले तरी एका बाईचे सतरा तास त्यात जातात.

सुचविलेली वाकळ लांबीने सहापट व रुंदीनेही सहापट आहे. कित्येकजण म्हणतात, "मग काय, सहापट काम!" तसे नव्हे. सहा गुणिले सहा, म्हणजे छत्तीसपट. टाके सव्वासात लाख, तास सहाशेंच्या वर, आणि लुगडी बहात्तर. एका वाकळेचे वजन दोन किलो धरले तर हिचे बहात्तर किलो भरते. आणि भिजली म्हणजे ती दुपटीहून जड होईल. मग ती कोणत्या नदीवर धुवावी, कोणी पिळावी आणि कशावर वाळत घालावी? सहा थरांच्या पोटात ओल राहिली की कापडास बुरशी धरते व ते कुजते. आणखी एक अडचण आहे. शिवणारीचा हात काठापासून दोन फूट पोहोचतो. या वाकळेचा मध्य काठापासून १५ फूट आत आहे. तेथे पोहोचण्यास वाकळेवरच बसावे लागेल, म्हणजे खालचे थर सरकून चुण्या पडतील.

यावरून मान हलविणारांचे म्हणणे खरे ठरले असे कोणास वाटेल. परंतु ज्यांनी याहून पुष्कळ मोठी कामे पार पाडली, त्यांनी ती कशी पाडली हे पाहिल्यावाचून निर्णय करणे योग्य नाही.

अमेरिकेत १९८७ साली, एड्स या रोगाने मृत झालेल्यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या आप्तेष्टांनी एक गोधडी शिवण्यास आरंभ केला. प्रत्येक मृतासाठी एक तुकडा. रुंदी ३ फूट, लांबी ६ फूट, म्हणजे कबरीएवढी. असे आठ तुकडे जोडले की १२ फुटांचा एक चौरस होतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे ती प्रथम पसरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५०,००० आहेत, आणि एकूण वजन पन्नास टनांहून अधिक आहे. एवढी वाढ झाली तरी तुकडा करणाऱ्या कोणासही आपल्या तुकड्याहून मोठे कापड हाताळावे लागले नाही. ज्या मातेने पुत्रासाठी तुकडा केला तिचे काम तिच्या घरीच पुरे झाले. चौरस घडी करून ठेवता येतात, व जेथे हवे तेथे नेता येतात.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. कारवार जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर या बाजूस सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, व त्यांतील पुष्कळांस पोर्तुगीजांच्या अमदानीत गुलाम म्हणून आणले होते. त्यांच्यात कॅथलिक आहेत, हिंदू व मुसलमानही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. काठापासून आरंभ करून चहूबाजूंनी मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर घड्या घालून केलेल्या त्रिकोणी चिंध्यांची 'फुले' बसवितात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांस उघडी वाटते. कॅथलिक घरांत कित्येकदा कापडाचा क्रूस करून कवंदीवर शिवितात. कवंदी एका माणसाची असते, दोघांची असते, सबंध कुटुंबाचीही असते. किती माणसे तिच्याखाली निजणार यावरून तिचे माप ठरते. हे आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटते. आपल्या वाकळेचे माप मात्र आपण पटांगण पाहून ठरविले. तिच्याखाली कोण निजणार?

कोणी म्हणेल, वर्तमानपत्रांत छायाचित्र येईल, विक्रमांच्या पुस्तकात नाव लागेल. नावाची हौस असणे हे काही मोठे पाप नव्हे. पण ज्या वाकळेखाली कोणीच निजले नाही ती समारंभानंतर सभागृहाच्या माळ्यावर जाईल, आणि तेथे तिच्यात उंदीर निजतील. दुसरे असे की, एकदा कातर चालली म्हणजे लुगडे परत होत नाही. वाकळ अर्धी राहिली तर ते कापड नेसावयासही गेले आणि पांघरावयासही. येथे अशा भगिनी आहेत की ज्यांच्या पेटीत मातेचे अखेरचे लुगडे जपून ठेवलेले आहे, आणि त्या ते देण्यास सिद्ध झाल्या आहेत. त्यांच्या विश्वासाची जबाबदारी आपणा सर्वांवर आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. थोरली वाकळ अवश्य करावी. परंतु ती छत्तीस पूर्ण वाकळांची असावी. प्रत्येक वाकळ ५ फूट बाय ७ फूट, चारी बाजूंनी काठ दुमडून पुरी केलेली. प्रत्येकीच्या काठाला फुटाफुटावर कापडी बंद लावावे, जसे पूर्वी बाराबंदीला असत. सहा वाकळा बांधून एक रांग, आणि सहा रांगा बांधून सबंध वाकळ. कोणी म्हणतील की बांधलेली वाकळ ही खरी एकसंध वाकळ नव्हे. पण आपला धर्मग्राम तरी एका कापडाचा कोठे आहे? कोणी येथल्याच खेड्यांतले, कोणी रेल्वेच्या नोकरीने आलेल्यांचे वंशज, कोणी गोव्याकडचे, कोणी दक्षिणेकडचे. घरी निरनिराळ्या भाषा बोलतात, आणि मिस्सेला एकत्र येतात.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. टाके पडले की कापड आक्रसते. म्हणून चारी बाजूंनी दोन-तीन इंच अधिक ठेवून थर बसवावे, आणि अखेरचे माप शिवण पुरी झाल्यावर घ्यावे. सर्वांच्या मापासाठी आम्ही दोन बांबू कापून ठेविले आहेत. ज्याच्या त्याच्या फुटपट्टीवर भरवसा ठेवू नये, नाहीतर बांधताना कोपरे जुळणार नाहीत. कापड सुतीच द्यावे. पॉलिएस्टरच्या साड्या दिसावयास छान, पण त्या सुईखाली सरकतात व घाम शोषीत नाहीत. कोणी नवे कापड देणार असेल तर ते आधी दोनदा धुवून आणावे. न आटलेल्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास फाडते, हा मार्ककृत शुभवर्तमानातील दाखला येथे अक्षरशः लागू आहे. दोरा दुहेरी घेऊन मेणावर ओढून घ्यावा. वेदीवरील मेणबत्त्यांची उरलेली टोके त्यासाठी सॅक्रिस्टीत राखून ठेविली आहेत. ज्या मातांची दृष्टी आता अधू झाली त्यांनी थर बसवावे व टाचण कोठे ढिले आहे ते हाताने पाहावे. ते काम तरुण डोळ्यांहून जुन्या बोटांस अधिक कळते. एकेका वाकळेस दोघीजणी, एक वडीलधारी व एक मुलगी, अशी जोडी असावी. दोघींनी रोज दोन-दोन तास दिले तर पाच दिवसांत धावदोरा पुरा होतो. कापणे, टाचणे व काठ धरून पंधरवडा पुरेल. या रीतीने वाकळेबरोबर तिची विद्याही छत्तीस मुलींच्या हाती जाईल, आणि आमच्या मते हा लाभ पटांगण झाकण्याहून मोठा आहे.

समारंभाच्या सायंकाळी बंद सोडावे. छत्तीस वाकळांपैकी निम्म्या मेळघाटात पाठवाव्या. चिखलदरा सुमारे ३,६०० फूट उंचीवर आहे, व तिकडच्या कोरकू पाड्यांतील पौषातली थंडी येथे सपाटीवर बसून कळत नाही. उरलेल्या निम्म्या आपल्याच गावातील निराधार वृद्धांस व रुग्णालयाच्या ओसरीत रुग्णांसोबत निजणाऱ्या नातेवाइकांस द्याव्या. पांघरूण देताना कोणाचा धर्म व कोणाची जात विचारू नये. ज्या घराने मातेचे लुगडे दिले त्यांनी पदराची वीतभर पट्टी कापून आपल्यापाशी ठेवावी. बाकीचे लुगडे कोणा दुसऱ्या मातेच्या अंगावर जाऊ द्यावे.

एक अट मात्र आम्ही घालतो, व तीत सूट मिळणार नाही. छत्तीस जोड्यांची नावे लिहून येईपर्यंत कोणीही एकही लुगडे कापू नये. तीस आली तर सहांसाठी थांबावे. ती न आली तर वाकळ तीसांची करावी, आणि पटांगणाचा काही भाग उघडा राहिला तर खुशाल राहू द्यावा. पाच भाकरींच्या चमत्कारानंतरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले. आमच्याजवळ तर तुकडेच आहेत. ते गोळा करण्याचे काम तेवढे आपल्या वाट्यास आले आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात नावे घेण्यात येतील. ज्यांना शिवता येते त्यांनी सुई आणावी, व ज्यांना येत नाही त्यांनी आपली मुलगी आणावी. परमेश्वर तुमच्या हातांस व डोळ्यांस बळ देवो, आणि आरंभिलेले कार्य आपल्या कृपेने सिद्धीस नेवो, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.