टंचाईंतील पाण्याची वांटणी
(दुष्काळ-निवारण समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत झालेलें भाषण)



धान्य व कडबा यांचा हिशोब चिटणीसांनीं आपणांपुढें मांडलाच आहे. त्यांची वांटणी तराजूनें होते, व ती आपणां व्यापाऱ्यांस शिकवावी लागत नाहीं. पाण्याचें तसें नाहीं. एकानें पंप लावून रात्रभर उपसा केला, तर शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी सकाळीं खालीं गेलेलें असतें. आणि त्याची पावती कोणी कोणास देत नाहीं.

तेव्हां अपुरें पाणी कोणास किती, हें कोणी व केव्हां ठरवावयाचें? माझें मत असें कीं, तें घागरी रांगेंत लागण्यापूर्वीं ठरलें पाहिजे; मागाहून जो बळकट, त्याचेंच खरें होतें.

याचें उत्तम उदाहरण नाशिक व धुळें जिल्ह्यांत आहे. पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर कांहीं शतकें फडपद्धति चालत आली. बंधाऱ्याखालील शिवाराचे बहुधा ४ फड पाडीत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, व पिकें पाळीपाळीनें फडांतून फिरावयाचीं. शक्य तोंवर प्रत्येक खातेदाराची थोडथोडी जमीन प्रत्येक फडांत असे. पाणी कमी दिसलें, कीं एखादा फड अजीबात पडीत ठेवीत. यांतली खुबी व्यापाऱ्याच्या चटकन् ध्यानांत येईल. तोटा सर्व भागीदारांत वांटला जातो, कोणा एकाच्याच माथीं बसत नाहीं. शिवाय पाणी सोडणें खातेदाराच्या हातीं नसे. तें काम सर्वांनीं मिळून नेमलेल्या पाटकऱ्याचें. मात्र ज्यास जमीन नाहीं, त्यास या व्यवस्थेंत पाण्याचा वांटा नव्हता.

ही उणीव पुरंदर तालुक्यांत भरून काढण्याचा यत्न झाला. १९७२ च्या दुष्काळानें अस्वस्थ झालेले पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर जमीन खंडानें घेतली, व तेथील अनुभवांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम कडक आहेत. माणशीं अर्ध्या एकराचें पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचें, भूमिहीनासहि वांटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं, आणि ऊस वर्ज्य. खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणारांनीं स्वतः भरावयाचा. उसाची बंदी येथें बसलेल्या कित्येक बागाईतदारांस रुचणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु ऊस वर्षभर पाणी पितो. तेवढ्यांत ज्वारी-बाजरीचीं किती तरी शेतें निघतात.

मोठ्या नदीवर हेंच काम दुष्कर होतें. गोदावरीच्या वरच्या अंगास नाशिक-नगरचीं धरणें, खालीं पैठणास जायकवाडी. २००५ च्या कायद्यानें टंचाईची झळ खोऱ्यांतील सर्वांनीं सारखी सोसावी, असें तत्त्व घातलें. २०१३ मध्यें एका समितीनें ऑक्टोबरच्या मध्याचा सांठा पाहून वरून किती सोडावयाचें, याचें कोष्टक बसविलें. तरी तंटा मिटला नाहीं. पण भांडावयाचें तें आकड्यांवर, एवढें तरी झालें. कारखानदार मंडळींनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, राज्याच्या २००३ च्या जलनीतींत पिण्यामागून उद्योगांचा क्रम होता. तो २०११ मध्यें बदलून शेतीस पुढें आणलें गेलें.

आतां आपल्या कामाकडे वळतों. वर्गणीच्या पैशांतून विहीर खणली, तर ती कोणाच्या तरी शेतांतच असणार. आणि विहीर ज्याच्या शेतांत, पाणी त्याचें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. म्हणजे दहा जणांचें दान अखेरीस एकाच खातेदाराच्या पदरीं पडावयाचें! म्हणून माझी सूचना अशी कीं, जागा देणाऱ्या जमीनदारानें कुदळ पडण्यापूर्वींच लेख करून द्यावा. पाणी प्रथम माणसांस, मग जनावरांस, व उरेल तरच शेतास. भूमिहीनांचीं घरें पहिल्या यादींत. दिवाळीनंतर पंचांनीं विहिरीची पातळी मोजून ती चावडीवर लिहावी, आणि त्यावरून त्या सालचीं पिकें ठरवावीं. पंचांत एक तरी बाई असावी. घागर कोण वाहतें, हें सांगावयास नको.

लेखाचा मसुदा चिटणीसांपाशीं आहे. विहिरीकरितां देणगी देणारांनीं गांव खुशाल निवडावें, परंतु जागा पंचांवर सोपवावी. ज्या जमीनदारांस या अटी मान्य असतील, त्यांच्या सह्या आज सभा उठण्यापूर्वीं येथेंच घेतल्या जातील.