कथेतील माग आणि घरातील पाळत
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात सिरसाळा येथे केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने या वर्षी मेळाव्यात वाङ्मयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली. मी काही पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला एक साधा मास्तर आहे. परंतु गोष्ट सांगणे हा मास्तराचा धर्मच असल्यामुळे गोष्टींविषयी थोडेफार बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी नम्रपणे समजतो. कथेत हरवलेल्या माणसाचा माग काढण्यासाठी कवी आणि लेखक जी साधने योजतात, त्यांविषयी आज मी बोलणार आहे. हा विषय मला का सुचला, ते शेवटी सांगेन. त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाने सप्ताहात कीर्तनकारांच्या तोंडून सीताहरणाचे आख्यान ऐकले आहे. रावण सीतेला आकाशमार्गाने नेत असताना तिला खाली एका पर्वतशिखरावर पाच वानर बसलेले दिसतात. ती आपले अलंकार काढते, उत्तरीयात त्यांची पुरचुंडी बांधते आणि खाली टाकते. पुढे सुग्रीव तीच पुरचुंडी श्रीरामांपुढे ठेवतो. लक्ष्मणाला त्यातील केवळ पायांतील नूपुरे ओळखता येतात, कारण त्याची दृष्टी नित्य वंदन करताना वहिनीच्या चरणांपलीकडे कधी गेलीच नव्हती. लहानपणी हा प्रसंग ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी येई. मास्तर झाल्यावर मात्र माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. हा माग सीतेने स्वतः ठेवला होता. कोणी तिच्या पदराला नकळत काही बांधून दिले नव्हते. तिला सापडावयाचे होते, म्हणून तिने खूण टाकली.

नल-दमयंतीच्या आख्यानात तर खूण वस्तूचीही नाही, शब्दांची आहे. अर्धे वस्त्र कापून घेऊन झोपलेल्या पत्नीला वनात टाकून गेलेल्या पतीला उद्देशून दमयंती काही वचने रचते आणि ब्राह्मणांना देशोदेशी पाठविते. ती वचने ऐकून ज्याचे हृदय हलेल आणि जो उत्तर देईल, तोच नल. अयोध्येच्या राजाच्या पदरी असलेला कुरूप सारथी बाहुक ती ऐकून अश्रू ढाळतो आणि पर्णाद नावाचा ब्राह्मण ते वर्तमान घेऊन परततो. म्हणजे नल सापडतो तो त्याच्या रूपावरून नव्हे, अंतःकरणावरून. माग काढण्याचे याहून सूक्ष्म साधन मी तरी कोठे वाचलेले नाही.

आता दुसऱ्या जातीचा माग पाहा. अलिबाबाची बायको मोहरा मोजण्यासाठी जावेकडून माप मागून आणते. हे गरीब घर मोजते तरी काय, अशी शंका येऊन जाऊबाई मापाच्या बुडाला हळूच चरबी लावून ठेवते. माप परत जाते, तेव्हा बुडाला एक मोहर चिकटलेली असते. घराचे गुपित फुटते आणि त्यातूनच पुढे कासीमचा घात होतो. येथे खूण ठेवणारा आणि जिच्यावर खूण ठेवली ती व्यक्ती, ही दोन निराळी माणसे आहेत. दिलेल्या वस्तूत गुप्त हेतू दडलेला आहे. पुढे चोर अलिबाबाच्या दारावर खडूची खूण करून जातो, तेव्हा चतुर दासी मर्जीना शेजारच्या दारांवरही तशाच खुणा करून तो डाव उधळून लावते. आपल्या नकळत ठेवलेली खूण कळली की माणूस ती पुसतो किंवा तिला खोटी पाडतो, हे त्या गोष्टीने कितीतरी आधी सांगून ठेवले आहे.

सीतेने टाकली ती खूण आणि जाऊबाईने चरबी लावून ठेवली ती पाळत. माझ्या सगळ्या भाषणाचा गाभा या दोन शब्दांतील अंतरात आहे.

माझ्या तरुणपणी आमच्या पिढीला बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे मोठे वेड होते. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे घराघरांत पोहोचली होती. शिक्षक म्हणून मुलांना सद्ग्रंथ वाचा म्हणावयाचे आणि रात्री कंदिलाशी बसून स्वतः झुंजारचे साहस वाचावयाचे, असा दुटप्पीपणा माझ्या हातून घडलेला आहे. त्या नादातूनच पुढे शेरलॉक होम्सच्या कथांची ओळख झाली. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘साइन ऑफ फोर’ या कादंबरीत गुन्हेगाराच्या सोबत्याचा पाय क्रिओसोट नावाच्या उग्र वासाच्या द्रवात पडतो. टोबी नावाचा कुत्रा त्या वासाच्या मागाने होम्सला अर्ध्या लंडनभर फिरवितो आणि शेवटी नेतो कोठे, तर लाकडाच्या वखारीतील क्रिओसोटच्याच एका पिंपापाशी! कुत्र्याचे नाक चुकले नव्हते. त्याने वास अचूक ओळखला होता, पण त्याला हवा असलेला माणूस तेथे नव्हता. योग्य माग पुन्हा धरल्यावरही तो नदीच्या काठी येऊन तुटतो आणि मग होम्सला बुद्धी चालवावी लागते.

यंत्रयुगात कुत्र्याची जागा यंत्राने घेतली. माझ्या नातवाने एकदा मला ‘गोल्डफिंगर’ हा १९६४ सालचा इंग्रजी चित्रपट दाखविला. त्यात जेम्स बाँड हा हेर शत्रूच्या मोटारीत संदेश सोडणारे एक यंत्र लपवितो आणि आपल्या मोटारीतील पडद्यावर तिचा मार्ग पाहात स्वित्झर्लंडपर्यंत पाठलाग करितो. पुढे कैदेत असताना तो तसल्याच एका छोट्या यंत्राभोवती चिठ्ठी गुंडाळून ते दुसऱ्या माणसाच्या खिशात टाकतो. परंतु त्या माणसाचा खून होतो आणि त्याच्या प्रेतासह मोटार दाबयंत्रात चिरडली जाते. यंत्र गेले, चिठ्ठी गेली आणि मदतीची आशाही गेली.

यावरून कथालेखनाचा एक नियम हाती लागतो. माग काढण्याचे साधन कथेत येते ते आशा निर्माण करण्यासाठी, आणि ते मध्येच चुकते ते माणसाची परीक्षा पाहण्यासाठी. शकुंतलेच्या बोटातील अंगठी पाण्यात पडली नसती, तर कालिदासाला नाटक लिहिण्याचे कारणच उरले नसते. दमयंतीच्या हाती मोबाईल असता, तर नलोपाख्यान दोन ओळींत संपले असते. साधनाने ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘का’ आणि ‘कसा’ हे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. आणि कथा जगते ती या दोन प्रश्नांवर.

आपल्या मराठीतही असा एक चित्रपट निघाला आहे. २००९ साली नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याची माणसे यांनी त्याला बाहेर काढले, त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळविणारा पट्टा बसविला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. हा आजोबा डोंगर, शेते, वस्त्या आणि रस्ते ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०१४ साली सुजय डहाके यांनी यावर ‘आजोबा’ हा चित्रपट काढला. त्यात ऊर्मिला मातोंडकर यांनी अभ्यासिकेची भूमिका केली. खरा आजोबा मात्र २०११ मध्येच महामार्गावर वाहनाची धडक बसून मरण पावला होता.

येथे पट्टा नकळतच बांधला होता, मग ती पाळत का म्हणू नये, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, बिबट्याला विचारण्याची सोय नव्हती. तो मुका होता. त्याची बाजू जगापुढे मांडण्याचे काम त्या पट्ट्याने केले. माणसांच्या एवढ्या जवळून हा प्राणी निमूटपणे निघून जातो, हे त्यातून लोकांना उमगले. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी यंत्र बोलले, तर तो उपकारच होय. पण ज्याला बोलता येते, त्याचे काय?

आता माझी कबुली. माझी नात शिक्षणासाठी मोठ्या शहरी वसतिगृहात राहते. ती जाण्यापूर्वी तिच्या मोबाईलमध्ये ती कोठे आहे हे आम्हांला घरबसल्या दिसावे, अशी योजना तिच्या नकळत करून ठेविली. हात नातवाचे होते, आज्ञा माझी होती. मी मनाशी म्हटले, काळ वाईट आहे, मुलीची जात आहे. रोज संध्याकाळी पडद्यावरील तो निळा ठिपका वसतिगृहावर स्थिर झालेला पाहिला की मी जेवावयास बसे.

एके रात्री ठिपका वसतिगृहावर नव्हता. अकरा वाजले, बारा वाजले. ठिपका शहराच्या दुसऱ्या टोकाला एकाच जागी. फोन लागेना. त्या दोन-तीन तासांत आमच्या घरात काय काय बोलले गेले, ते या सभेत सांगण्यासारखे नाही. तिच्या आईला बोल लावले गेले. मुलीला शिकविण्याचा हट्ट कोणाचा, इथपर्यंत गोष्ट गेली. आणि सांगावयास लाज वाटते, ज्याने शेकडो मुलींना शाळेत आणण्यासाठी दारोदार पायपीट केली, तो मीही त्या बोलण्यात सामील होतो. मुलगा रातोरात गाडी करून निघाला. पहाटे तो पोहोचला, तेव्हा ती एका दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली होती. तिच्या खोलीतील मैत्रीण एकाएकी आजारी पडली होती. तिला घेऊन ती तेथे गेली होती आणि धावपळीत फोनची बॅटरी उतरली होती.

बापाला पाहून ती आधी आनंदली. मग आपण येथे आहोत हे यांना कळले कसे, हा प्रश्न तिला पडला. सुट्टीत घरी आल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि एवढेच म्हणाली, “आजोबा, तुम्ही विचारलं असतं तर मी रोज सांगितलं असतं.”

मंडळी, त्या रात्री यंत्र अचूक होते. टोबी कुत्र्याप्रमाणेच त्याने बरोबर जागा दाखविली होती. चुकलो होतो आम्ही. ‘कोठे’ हे कळताच ‘का’ याचे उत्तर आम्ही आपल्या मनातील भीतीतून भरून काढले, आणि ते उत्तर तिच्या वागण्याशी नव्हे, आमच्या संशयाशी जुळणारे होते.

आपल्याकडे गुराच्या गळ्यात दोन वस्तू बांधतात. एक घंटी आणि दुसरे लोढणे. घंटीमुळे गाय कोणत्या ओढ्याला चरते ते कळते. लोढण्यामुळे ती पळू शकत नाही. मी नातीच्या गळ्यात घंटी बांधली असे समजत होतो. प्रत्यक्षात ते लोढणे होते. आणि ज्याला भाषा आहे त्याच्या गळ्यात घंटी तरी का बांधावी?

याचा अर्थ काळजी सोडून द्यावी असा नव्हे. दसरा उलटला की आपल्या भागातील कुटुंबे ऊसतोडीला परमुलखी जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईला मुलाची टोळी आज कोणत्या कारखान्यावर आहे हे मोबाईलवर दिसले, तर तिच्या जिवाला केवढा आधार! रात्रीच्या प्रवासात मुलीने आपला ठावठिकाणा घरी कळवावा, यातही शहाणपणच आहे. माझे म्हणणे इतकेच की, पुरचुंडी सीतेच्या हातून पडू द्या. मुलांना सांगा, त्यांना विचारा, त्यांच्या संमतीने काय ते करा. मुलगी आहे म्हणून पाळत आणि मुलगा आहे म्हणून मोकळीक, हा भेद तर मुळीच करू नका. ज्या घरात मुलाला आपली चूक निर्भयपणे सांगता येते, त्या घराला यंत्राची गरज फार थोडी पडते.

त्या सुट्टीत मी नातवाला बोलावून ती योजना तिच्यासमक्ष काढून टाकविली आणि तिची क्षमा मागितली. पहिले काही दिवस मला झोप आली नाही, हेही खरे. आता ती रात्रीच्या गाडीने गावी निघाली की स्वतः होऊन आपला ठावठिकाणा मला पाठविते. गाडी माजलगावच्या पुढे सरकताना मी पडद्यावर पाहात बसतो. इतर दिवशी ती काही पाठवीत नाही, आणि मीही मागत नाही. फोन करून “जेवलीस का?” एवढे विचारतो. ती उत्तर देते.