खांब बुटका, पाया भक्कम

टीव्हीवरचं चित्र अडकायला लागलं, त्याचे चौकोनी तुकडे पडायला लागले, की घरोघरी संशयाचा क्रम ठरलेला असतो. आधी पावसाला बोल लावायचा, मग सेट-टॉप बॉक्सला, मग वायरला. शेवटी माणूस बोलावून डिश पुन्हा ‘सेट’ करून घ्यायची. तो ती बोटभर फिरवतो, नट आवळतो, चित्र येतं, आणि पुढच्या वाऱ्याला पुन्हा जातं. असं वारंवार होत असेल तर दोष बहुधा डिशमध्ये नसतो. ती ज्या लोखंडी खांबावर उभी आहे, त्याच्या पायात असतो. पाया सैल ठेवून डिश कितीही वेळा जुळवली तरी ते काम टिकत नाही. आज याच पायाविषयी बोलायचं आहे. तो नीट करायचा तर जाड बोल्ट शोधण्याआधी खांबाची उंची कमी करावी आणि गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडणं थांबवावं, असं मी सुचवणार आहे. त्यामागची कारणं ऐका.

डिश ज्या उपग्रहाकडे पाहते तो विषुववृत्ताच्या वर, सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. महिन्याचं भाडं न घेणाऱ्या दूरदर्शनच्या फ्री डिशचंच उदाहरण घेऊ. तिच्या वाहिन्या 2015 साली सोडलेल्या जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात आणि तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर येतो. दोन फुटी डिशची नजर अतिशय अरुंद असते. ती खऱ्या दिशेपासून दीड अंश ढळली तर हाती येणारी सिग्नलची शक्ती निम्मी होते. आता खांबाच्या पायाकडे या. पायाची चौकोनी पट्टी चार बोल्टांनी बसवलेली असते आणि बोल्टांमधलं अंतर साधारण 15 सेंटिमीटर असतं. या पट्टीची एक कड अवघी 4 मिलिमीटर उचलली गेली, म्हणजे दोन जाड वायसर मावतील इतकी, तर खांब दीड अंश कलतो. डोळ्यांना हे कलणं दिसतही नाही. कोरड्या दिवशी उरलेल्या निम्म्या सिग्नलवर चित्र स्वच्छ चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पावसासाठी राखून ठेवलेली शिल्लक तेवढ्यानेच संपलेली असते. मग पहिल्या सरीला चित्र जातं आणि बोल पावसाला लागतो.

यावर कुणी म्हणेल, पावसात सिग्नल जातोच, त्यात खांबाचा काय संबंध? पावसाचा संबंध आहे हे खरं. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि दाट पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. मुसळधार सरीत उत्तम बसवलेली डिशही काही मिनिटं गप्प होते. पण भुरभुर पावसात चित्र तुटत असेल, किंवा पाऊस नसताना नुसत्या वाऱ्याने तुटत असेल, तर दोष पायाकडेच शोधावा. खात्री करणं सोपं आहे. एकाने टीव्हीवर सिग्नलची पट्टी उघडून समोर बसावं, दुसऱ्याने गच्चीवर जाऊन खांब वरच्या टोकाला धरून हलकेच चारी बाजूंना ढकलावा. पट्टी खाली-वर झाली तर मेकॅनिकला बोलावण्यापूर्वीच निदान झालं.

पाया सैल होतो तो वाऱ्यामुळे. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला की त्याचा दाब नऊपट होतो. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात दोन फुटी डिशवर जेमतेम 3 किलोचा रेटा येतो, ताशी 120 च्या वाऱ्यात तोच 27 किलोच्या आसपास जातो. 27 किलो हा आकडा मोठा वाटत नाही. पण डिश एक मीटर उंच खांबावर असेल तर तो खांब पहारीसारखा काम करतो. खाली एकमेकांपासून 15 सेंटिमीटरवर बसवलेल्या बोल्टांना मिळून 180 किलोच्या आसपास ओढ बसते, तीही एकदा नाही, झोताझोताने. इमारतींवरचा वाऱ्याचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर आणि मुंबई व नागपूरसाठी 44 मीटर वेग धरलेला आहे. 44 मीटर म्हणजे ताशी 158 किलोमीटर. तो रोज येत नाही, पण येऊ शकतो म्हणूनच मानकात आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून जोरदार वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या घरांचे पत्रे उडवून नेले. तिथे चार स्क्रूंवर उभ्या असलेल्या डिशने तग धरावा, ही अपेक्षाच चूक आहे.

एवढी ओढ सोसणारा बोल्ट कशात रुतला आहे, हे आता जवळून पाहू. मुंबई-पुण्याकडच्या अनेक गच्च्यांवर पायाखाली लागते ती फरशी किंवा चायना चिप्स, तिच्याखाली सिमेंटचा थर, त्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्याच्याही खाली खरा स्लॅब. कोबा चार-चार इंचांचा असतो. डिशसोबत येणारा फास्टनर दोन-तीन इंचांचा. म्हणजे तो स्लॅबपर्यंत पोचतच नाही, विटांच्या तुकड्यांत अडकून राहतो. वाऱ्याने खांब डुलला की भोक रुंदावतं, आणि ज्या थराने पाणी अडवायचं तोच थर फुटलेला असतो. खालच्या खोलीच्या छताला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, मग गळतीचं कारण नळात आणि पाइपात शोधलं जातं. कठड्याचीही गत वेगळी नाही. पुष्कळ ठिकाणी तो चार इंची विटेचा आणि वरून प्लास्टर केलेला असतो. प्लास्टरवर बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर ते विटेपासून सुटलेलं आहे. तिथे प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर आधार मिळतो तो फक्त प्लास्टरच्या पापुद्र्याचा. कठड्याच्या माथ्यावर, कडेपासून दोन बोटांवर पाडलेलं भोक तर वीटच फोडतं. म्हणून ‘बोल्ट जाड घाला’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. बोल्ट कितीही जाड असला तरी त्याची ताकद त्याला धरणाऱ्या विटेइतकीच.

ढिला पाया दुरुस्त करताना सर्रास होणारा दुसरा उपाय म्हणजे बुंध्याभोवती सिमेंटचा गोळा थापणं. पहिले काही दिवस तो घट्ट वाटतो. पण जुन्या गुळगुळीत फरशीला नवा माल धरत नाही, खांब हलता राहिल्याने केसासारखी चीर पडते, तीत पाणी साचतं आणि लोखंड नेमकं जमिनीलगत गंजतं. वरून रंग शाबूत आणि आतून पाइप कुरतडलेला, अशी ही स्थिती सगळ्यांत धोक्याची. पट्टीवर दगड किंवा विटा रचून ठेवण्यामागचा विचार मात्र बरोबर आहे, वजन कामाला येतं. फक्त सुटे दगड खांबाशी जोडलेले नसतात, झोत आला की खांब त्यांना सारून कलतो.

मग खरा उपाय कोणता? आधी उंचीचा विचार करू. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं अँटेना जितका उंच तितकं चित्र स्वच्छ, हा अनुभव होता. तेव्हा तो खराच होता, कारण लहरी जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येत आणि वाटेतल्या घराझाडांनी अडत. उपग्रहाच्या बाबतीत मीटरभर उंची वाढवून काहीच मिळत नाही, फक्त समोरचं आकाश मोकळं लागतं. 59 अंशांवरच्या उपग्रहासाठी तीन-सव्वातीन फुटी कठड्यापासून दोन फूट आत ठेवलेल्या बुटक्या डिशलाही पलीकडचं आकाश दिसतं. समोरची भिंत किंवा झाड डिशपेक्षा जितकं उंच असेल, त्याच्या पाऊणपट अंतर सोडलं की पुरे. इतर सेवांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, त्यांची दिशा आणि कोन वेगळा धरावा लागेल. पण महाराष्ट्रातून पाहता तेही क्षितिजाला टेकलेले नाहीत. खांब मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला की पायावरची ओढ एकदम निम्मी होते. करवतीचं पातं सोडलं तर या सुधारणेला काही खर्च नाही.

गच्चीवर तो बुटका खांब काँक्रीटच्या ठोकळ्यात उभा करावा. 60 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड ठोकळा सुमारे 130 किलोचा होतो. मुंबईसाठी मानकात धरलेल्या वाऱ्यात दोन फुटी डिश आणि अर्ध्या मीटरचा खांब उलटू नये म्हणून साधारण 100 किलो लागतात, म्हणजे थोडी शिल्लक उरते. उंच इमारतीच्या माथ्यावर वारा अधिक असतो, तिथे ठोकळा मोठा हवा. पाइप जीआयचा घ्यावा आणि काँक्रीटमध्ये जाणाऱ्या टोकाला आरपार भोक पाडून एक आडवी सळई घालावी. गोल पाइप नुसता रोवला तर वर्ष-दोन वर्षांत काँक्रीटमध्ये फिरायला लागतो, कारण वारा डिशला उलथवतो तसाच पिळतोही. माल ओतल्यावर ओळंबा दोन बाजूंनी लावून खांब सरळ करावा. खांब तिरका राहिला तर डिशवरचे कोनाचे आकडे निरुपयोगी होतात, उपग्रह शोधायला तासच्या तास जातात. ठोकळ्याचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवावा, पाइपचं वरचं तोंड टोपणाने बंद करावं, आणि गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारावं. तेवढे दिवस डिश चढवू नये. ठोकळा आणि फरशी यांच्यामध्ये रबराचा तुकडा ठेवला की फरशीही वाचते.

एवढ्या वजनाने स्लॅबला धोका नाही का, ही शंका रास्त आहे. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप याहून जड असतं आणि ते गच्च्यांवर वर्षानुवर्षं उभं असतं. तरीही ठोकळा भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवावा, छज्ज्यावर किंवा बाहेर काढलेल्या बाल्कनीवर कधीच नको. स्लॅब जुना असेल, सळ्या उघड्या पडल्या असतील, तर जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. भाडेकरूंना आणि सोसायटीत राहणाऱ्यांना तर हा उपाय अधिकच सोयीचा आहे. भोक नाही, म्हणून गळतीचा वाद नाही.

पत्र्याच्या घरांत पत्र्यावर किंवा त्याच्या वाशाला खांब बांधू नये. घराशेजारी जमिनीत खड्डा घ्यावा. काळ्या मातीत इथे एक अडचण येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ रोवलेला खांब दरवर्षी थोडा कलतो. म्हणून खड्डा माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा, काँक्रीट मुरमात बसवावं. आणि जागा निवडताना वर पाहावं: खांब उभा करताना हातातून निसटून पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, इतकं अंतर हवंच.

श्रोतेहो, यात लागणारं सामान अर्ध्या पोत्याच्या आतलं सिमेंट, वाळू, खडी आणि पाइपचा एक तुकडा एवढंच आहे. डिश खालच्या रस्त्यावर कोसळली तर होणारी इजा पैशांत मोजता येणार नाही. मे महिना संपायच्या आत एकदा गच्चीवर जा, खांब हाताने हलवून पाहा, बुंध्याचा गंज आणि खालच्या खोलीचं छत तपासा. हलत असेल तर यंदा नट आवळू नका, पाया नवा घाला.