रूप घ्यावे ते मर्यादेसह

खाकी वेशातला शिपाई दारात उभा राहतो, घरधन्यावर भलताच आरोप ठेवतो आणि मुले भेदरून आईमागे दडतात. क्षणभराने वडीलधारी माणसे हसू लागतात, कारण शिपाई हा शिपाई नसून बहुरूपी असतो. दुसऱ्याचे रूप घेण्याची हौस महाराष्ट्राला अशी जुनीच आहे. तिला एक नवे क्षेत्र लाभले आहे, ते टेबलाभोवती बसून खेळावयाच्या एका खेळात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चारपाच खेळाडू एकेक कल्पित पात्र घेतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. आपले पात्र काय करील हे खेळाडू तोंडाने सांगतो, आणि जेथे यशाची खात्री नसते तेथे वीस पैलूंचा फासा निवाडा करतो. या पात्रांपैकी ‘ड्रुइड’ हा वनवासी साधक इच्छेनुसार पशुरूप धारण करतो.

परंतु या विद्येला बंधने आहेत. २०१४ साली छापलेल्या नियमांप्रमाणे त्याने पूर्वी पाहिलेल्या प्राण्याचेच रूप त्याला घेता येते. त्या रूपात मंत्र म्हणता येत नाहीत, आणि ज्या प्राण्याला वाचा नाही त्याचे रूप घेतले म्हणजे बोलणेही खुंटते. आरंभीच्या पायऱ्यांवर रूप तासभरच टिकते, आणि एका विश्रांतीपासून दुसरीपर्यंत ते दोनदाच घेता येते. वरवर पाहता ही बंधने जाचक वाटतात. खेळाची सारी गोडी मात्र त्यांतच आहे.

गारगोटीतील एखाद्या घरी सुटीत चार मुले हा खेळ मांडून बसली आहेत, अशी कल्पना करावी. सूत्रधाराने स्थळ जवळचेच निवडले आहे. भुदरगड शत्रूच्या हाती असून एक सोबती गडावर दोरखंडांनी जखडलेला आहे. ड्रुइड झालेला मुलगा तत्काळ म्हणतो, “मी वाघ होतो!” सूत्रधार विचारतो, “वाघ कधी पाहिलास?” मुलगा निरुत्तर होतो. गवा मात्र त्याने उसाच्या फडाशी उभा असलेला पाहिलेला असतो. गव्याच्या धडकेने दरवाजा हादरेलही. पण पहारा जागा होईल आणि कैद्याचा प्राण जाईल.

आता मुलगा विचार करू लागतो. सायंकाळी तो शेळी होऊन गडाच्या वाटेवर उभा राहतो. पहारेकरी आयती मेजवानी मिळाली म्हणून तिला स्वतःच हाकीत आत नेतात! मुले हसतात, पण स्वयंपाकी सुरी पाजवू लागला, असे सूत्रधाराने सांगताच हसू थांबते. तास संपत आलेला असतो. शेळीचा उंदीर होतो, अंधारात सटकतो, सोबत्याचे दोर कुरतडतो. दोन्ही रूपे खर्ची पडली. आता गड उतरावयाचा तो माणसाच्याच पायांनी.

हा मार्ग आपल्या परंपरेला नवखा नाही. समुद्र ओलांडताना सुरसेने हनुमंताची वाट अडवली, तेव्हा तिचे तोंड जसजसे विस्तारत गेले तसतसा तोही वाढत गेला. पण सुटका झाली ती वाढण्याने नव्हे. तो एकाएकी अंगठ्याएवढा झाला आणि तिच्या मुखात शिरून लगेच बाहेर आला. तिचा शब्दही राहिला आणि त्याचे कार्यही अडले नाही. लंकेत शिरतानाही त्याने मांजराएवढेच रूप पत्करले. ज्याला पर्वतप्राय होता येत होते त्याने लहान होणे निवडले, हे त्याच्या बुद्धीचे खरे गमक होय.

मुलांचा वेळ अशा कल्पनांत दवडावा काय, असा प्रश्न वडील मंडळींच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्या शेळीपाशी आहे. एरव्ही शेळीकडे ढुंकूनही न पाहणारा मुलगा तासभर तिच्या जागी उभा राहिला, आणि स्वयंपाकघराचे दार तिला कसे दिसत असेल ते त्याला प्रथमच दिसले. दुसऱ्याचे रूप घ्यावयाचे तर त्याचे दौर्बल्य व भयही घ्यावे लागते, हे त्याला कोणी न सांगता कळले.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. ही विद्या प्रसंगातील शत्रूवर चालावी. टेबलाशी बसलेल्या मित्राला फसवून त्याचा हिरमोड करण्यासाठी नव्हे. येथे बहुरूपी हाच गुरू मानावा. तो घरातल्यांना घाबरवतो खरा, पण उंबरठा सोडण्यापूर्वी आपली ओळख देतो; म्हणूनच पुढच्या वर्षी त्याच दारात त्याचे पुन्हा स्वागत होते.