न आलेले चौघे

नाशिकच्या गंगापूर रोडवर आकाशवाणी टॉवरच्या आसपास दवाखान्यांच्या पाट्या संपत नाहीत. पेठ, सुरगाण्याहून माणसं येतात, उपचार घेतात आणि नातेवाईक हळूच विचारतात, "किती दिवस काढतील हो?" डॉक्टर सांगतात, "अशा आजारात दोन वर्षांनी शंभरातले साठ असतात." हे साठ येतात कुठून?

समजा, दहा रुग्ण आहेत. पहिल्या वर्षी दोघं गेले. उरलेल्या आठांपैकी चौघं वर्ष सरताच यायचे बंद झाले, फोनही लागेना. राहिलेल्या चौघांतला एक दुसऱ्या वर्षी गेला. आता बेपत्ता चौघांना मृत धरलं तर जगले 30 टक्के, जिवंत धरलं तर 70. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1958 साली रीत घालून दिली: रुग्ण जितका काळ माहितीत होता, तितकाच हिशेबात घ्यायचा. पहिल्या वर्षी दहापैकी आठ, दुसऱ्या वर्षी चारपैकी तीन. गुणाकार केला की 60 टक्के.

युक्ती सुरेख आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलंय. न आलेल्यांची प्रकृती येणाऱ्यांसारखीच असणार! आपल्याकडे हे पटतं? एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, कधी प्रवासच झेपेना अशी अवस्था. मग साठ हा आकडा जरा गोडच म्हणायचा.

यावर खरा उतारा बार्शीत निघाला. 1987 साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे तालुके, 346 गावं. रुग्ण येईल म्हणून वाट न पाहता कर्मचारीच गावोगाव जात. कितीही भारी गणितापेक्षा ही पायपीट मला मोलाची वाटते.

रुग्ण किती जगला एवढंच नाही, ती वर्षं कशी गेली, हेही मोजतात. कर्करुग्णांसाठीची 30 प्रश्नांची एक युरोपीय प्रश्नावली मराठीतही आहे. झोप लागते का, भूक लागते का, पैशाची ओढाताण झाली का, असं त्यात विचारतात. त्रासात काढलेलं वर्ष अर्धं किंवा पाऊण धरण्याचीही एक पद्धत आहे. सरकारला खर्च ठरवायला ती ठीक. रुग्णाच्या खाटेशी तिचं नाव काढू नये.

तुमच्याकडे एकच मागणं. नंबर बदलला तर दवाखान्याला कळवा. फोन आला तर उचला. रुग्ण ठणठणीत असेल तर तसं सांगा आणि गेला असेल, तर तारखेसह तेही सांगा.